हलवलेलं मैदान

वसाहतीत सगळे त्यांना नकाशेकाका म्हणत, आणि काकांना ते नाव मनापासून आवडायचं. नगररचनेच्या कार्यालयात त्यांनी अख्खी नोकरी एका उंच स्टुलावर बसून काढली होती. साहेबांनी पेन्सिलीने काहीतरी कच्चं ओढून द्यायचं आणि काकांनी ट्रेसिंगच्या कागदावर शाईने त्याचा पक्का नकाशा करायचा, असा रिवाज होता. मग त्या नकाशाच्या प्रती निघत आणि त्यांवर रंग भरला जाई. बाग, मैदान, झाडांचे पट्टे हिरव्या रंगाने दाखवत. दुसऱ्या कुणी हिरवा भरला की ओघळ दिसायचे, कडेला गडद काठ धरायचा. काका बोर्ड जरासा तिरपा करून ब्रशच्या टोकाशी रंगाचा एक थेंब ओला ठेवत आणि तो थेंब न थांबता खाली ओढत नेत. रंग असा एकसारखा बसायचा की शेजारच्या खात्यातले लोक चहा हातात घेऊन बघायला यायचे. माणसाला एखादी गोष्ट इतकी चांगली जमली, की तिच्या आडून तो काय काय करतो हे बघायला मात्र कुणी येत नाही.

ही वसाहत फक्त कागदावर होती तेव्हाची गोष्ट. मधून नाला. नाल्याच्या वर अंगण असलेल्या घरांच्या ओळी, नाल्याच्या खाली दोन खोल्यांची छोटी घरं. मोठ्या साहेबांनी कच्च्या आराखड्यात मैदान खाली दाखवलं होतं, छोट्या घरांना लागून. "ज्यांना घरात पाय पसरायला जागा नाही, त्यांना बाहेर तरी असू दे," असं ते म्हणाले होते, आणि काकांनी मान डोलावली होती. पाण्याची टाकी आणि पंपघर वरच्या तिसऱ्या ओळीसमोर होतं, कारण जमीन तिथे उंच होती. टाकी उंचावर असावी, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

त्याच आठवड्यात काकांच्या हातात एक कागद पडला. कर्मचाऱ्यांच्या कोट्यातून त्यांना घर मंजूर झालं होतं, वरच्या वसाहतीत, तिसऱ्या ओळीत. काकांनी बोर्डावरच्या आराखड्यात आपलं घर शोधलं. दार उघडलं की समोर टाकीची भिंत.

लग्नाला दोन वर्षं झाली होती. बायको दिराच्या घरातल्या एका अंधाऱ्या खोलीत दिवस काढत होती आणि एका शब्दाने तक्रार करत नव्हती. काका दोन दिवस त्या कागदाकडे बघत बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मैदान वर आणलं आणि टाकी खाली नेली. दोन्ही तुकडे जवळजवळ सारख्या मापाचे होते, त्यामुळे बाकी एकही रेघ हलवावी लागली नाही. मग त्यांनी हिरवा भरला, आणि असा भरला की आजवर तसा भरला नव्हता. मोठ्या साहेबांना दुपारच्या गाडीने रजेवर जायचं होतं. त्यांनी नकाशा खिडकीशी नेला, लांब धरून बघितला, "काय रंग बसलाय हो," म्हणाले, आणि सही केली. पुढे पाणीखात्याच्या इंजिनिअरने टाकी खाली कशी म्हणून कुरकुर केली. पण सही ती सही. पाणी वर ढकलायला त्याने मोठे पंप मागवले आणि ते दिवसभर चालू ठेवायचे असं ठरवून टाकलं. मोठे साहेब रजेवरून परत आले ते बदलीची ऑर्डर घेऊनच. आराखड्याचा तो पेन्सिलीचा कागद कुठे गेला, हे काकांना कुणी विचारलं नाही आणि काकांनीही आपणहून कधी सांगितलं नाही.

घराचा ताबा मिळाला त्या संध्याकाळी समोर नुसती सपाट लाल माती होती. काकांना राहवलं नाही. "इथे टाकी यायची होती," ते बायकोला म्हणाले. "मी मैदान आणलं. तुझ्यासाठी."

ती हसली. नवऱ्याने आपल्यासाठी जमीन हलवली म्हटल्यावर कोण हसणार नाही? मग तिने विचारलं, "आणि टाकी कुठे गेली?"

"खाली."

"खाली कोण राहतं?"

"अजून कुणी नाही," काका म्हणाले. त्या दिवशी ते खरंही होतं.

पुढची पंचवीस वर्षं काकांनी ते मैदान डोळ्यांदेखत वाढताना बघितलं. झाडं लागली, झोपाळे आले, कडेने चालायची फरसबंद वाट झाली, एका कोपऱ्यात क्लबाची इमारत उभी राहिली आणि आत बॅडमिंटनचा आवाज घुमू लागला. खालची मुलंही नाल्यावर टाकलेल्या फळीवरून खेळायला यायची. एके वर्षी चेंडूने काच फुटली, कुणाच्या गाडीवर ओरखडा उठला, आणि वरच्या लोकांनी समिती नेमली. सेक्रेटरी अर्थातच नकाशेकाका. त्यांनी मैदानाला तारेची जाळी घातली, फाटकावर पहारेकरी बसवला, घरटी पास काढले आणि स्वतःच्या वळणदार अक्षरात पाटी रंगवली: मैदान फक्त वरच्या वसाहतीतील रहिवाशांसाठी. बायको म्हणाली, "अहो, मग त्या मुलांनी खेळायचं कुठे?"

"नियम म्हणजे नियम," काका म्हणाले. हे वाक्य त्यांना फार शोभायचं. तिने ताट त्यांच्यापुढे सरकवलं आणि स्वतः आत जाऊन जेवली.

मग दिवस फिरले. मुलाने दुकान टाकलं, दुकान बुडालं आणि दुकानाबरोबर घरही गेलं. मुलगा दूरच्या शहरात निघून गेला. महिन्यातून एकदा फोन करायचा आणि दोन मिनिटांत ठेवायचा. म्हाताऱ्याम्हातारीला परवडेल असं घर एकच मिळालं, नाल्याखालचं, दोन खोल्यांचं, पंपघराच्या भिंतीला टेकलेलं. सकाळी सहाला पंप सुरू झाले की भांड्यांची फळी थरथरायची. काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, मोठ्याने बोलायची सवय लागली. काका मात्र त्या आवाजाबद्दल चकार शब्द काढत नसत. ज्याने टाकी तिथे आणली त्याने काय बोलायचं? एकदा शेजारच्या शिलाईमावशी म्हणाल्या, "ज्याने कुणी ही टाकी इथे बांधली ना काका, त्याला आठ दिवस माझ्या मशीनशी बसवायला पाहिजे." काका म्हणाले, "हो ना."

या शिलाईमावशी लोकांचे कपडे शिवायच्या, दुरुस्त करायच्या आणि बसल्या जागेवरून अख्ख्या गल्लीची खबर ठेवायच्या. जीभ तिखट होती, पण कुणाच्या घरात काही कमी-जास्त झालं की सगळ्यात आधी चपला त्यांच्याच वाजायच्या. खाली राहायला येऊन वर्ष झालं नाही तोच एका सकाळी काकू ओट्याशी कोसळल्या, तेव्हा काकांच्या हाका ऐकून मावशीच धावल्या. अर्धांगवायूचा झटका. जीव वाचला, पण उजवी बाजू लुळी पडली आणि शब्द तोंडात अडखळायला लागले.

दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी काकांना बाजूला घेतलं. "हात हळूहळू येईल. पायाचं मात्र या चार-पाच महिन्यांवर आहे. रोज सकाळ-संध्याकाळ अर्धा तास चालवा, सपाट जागेवर, कुणाचा तरी हात धरून. हे दिवस गेले की पाय आहे तसाच राहील."

सपाट जागा. गल्लीत ती औषधालाही नव्हती. गटाराची झाकणं वर आलेली, मध्ये मोटारसायकली, पंपघराच्या पाण्याने शेवाळलेला उतार. मावशी मशीन सोडून यायच्या आणि काकूंना धरून चालवायच्या. काकांचे गुडघे त्यांच्या स्वतःच्याच वजनाला पुरत नव्हते. आठव्या दिवशी झाकणाच्या कडेला पाय अडकला आणि दोघी पडल्या. काकूंचं कोपर फुटलं, मावशींचा चष्मा फुटला. "चष्म्याचं सोडा हो," मावशी म्हणाल्या, "एरवीही सुई मी अंदाजानेच ओवते." काकांनी वर बघितलं. जाळीपलीकडे फरसबंद वाटेवरून एक बाई कुत्र्याला फिरवत होती.

ते फाटकाशी गेले. पहारेकरी नवा होता, त्याने पास मागितला. काकांनी सांगितलं की हे सगळं त्यांनीच केलंय. पहारेकऱ्याने पाटीकडे बोट दाखवलं आणि अक्षर छान आहे असं म्हणाला.

गंमत अशी की त्याच सुमारास खालच्या लोकांनी डोकं वर काढलं. मैदान सगळ्या वसाहतीचं आहे, मूळ योजनेत ते छोट्या घरांसाठी होतं असं जुनी माणसं सांगतात, तेव्हा ते खुलं करा, असा अर्ज त्यांनी कार्यालयात दिला. अर्जावर पहिली सही शिलाईमावशींची. सुनावणीची तारीख लागली. मावशी काकूंचे पाय चोळता चोळता म्हणाल्या, "काका, तुम्ही तिथेच होता ना? आमच्याकडे कागद नाही. तुम्ही फक्त खरं काय होतं ते सांगा. निकाल लागला की काकू पण हक्काने चालतील, आणि गल्लीतली मुलं पण." काका म्हणाले, "बघतो."

दुसऱ्या दिवशी वरच्या समितीच्या अध्यक्षांचा निरोप आला. हे दातांचे डॉक्टर. बोलतानाही समोरच्याने तोंड उघडं ठेवावं अशी त्यांची अपेक्षा असायची. त्यांनी काकांना खुर्ची दिली, चहा दिला, काकूंची चौकशी केली. मग म्हणाले, "नकाशा तुम्हीच काढला होता. मैदान पहिल्यापासून वरच होतं, एवढंच सुनावणीत सांगायचं. त्यात खोटं काय आहे? सही झालेला नकाशा तेच म्हणतो. काकूंच्या पायाचं मला कळलं. तुमच्या दोघांचे खास पास मी आजच लिहून ठेवतो, सुनावणी झाली की घेऊन जा." हे बोलताना ते हसत होते आणि त्यांचे दात फार सुंदर होते.

काका घरी आले ते मनाशी सगळं ठरवूनच. खरं सांगितलं तर आधी स्वतःची अब्रू जाणार, आणि निकाल लागून, वरच्यांनी अपील करून, ते फेटाळलं जाऊन फाटक उघडेपर्यंत वर्षं जाणार. तोपर्यंत पायाचं काय? हिशेब सरळ होता. पण त्यात पहिलं कारण कुठलं आणि दुसरं कुठलं, हे काकांनी स्वतःलाही नीट विचारलं नाही.

रात्रीचं जेवण भरवताना त्यांनी बायकोला पासाचं सांगितलं. तिने तोंडातला घास गिळला. मग एकेक शब्द जुळवत म्हणाली, "तुम्ही... मला... सांगितलं होतं."

"काय?"

"टाकी. मैदान." तिने डाव्या हाताने घास बाजूला सारला. "खरं सांगा. मला पास नको."

"तुला काय कळतंय आता," काका म्हणाले. "पाय गेला तर जन्माची बसशील एका जागी."

"नको," ती म्हणाली.

सुनावणीला घालायच्या शर्टाची कॉलर विरली होती. मावशींनी ती उसवून, उलटून, नव्यासारखी शिवून दिली होती. तोच शर्ट घालून काका कार्यालयाच्या मोठ्या खोलीत उभे राहिले. मागच्या बाकावर मावशी आणि गल्लीतली सात-आठ माणसं, पुढे दातांचे डॉक्टर. अधिकाऱ्याने विचारलं, "मूळ कच्च्या आराखड्यात मैदान कुठे होतं?"

"आत्ता आहे तिथेच," काका म्हणाले.

"नक्की आठवतं?"

"मीच काढलाय, साहेब."

काम दहा मिनिटांत आटोपलं. खाली जिन्यात मावशी भेटल्या. त्या भांडतील, निदान बोटं मोडतील, असं काकांना वाटलं होतं. त्यांनी फक्त काकांच्या कॉलरकडे बघितलं आणि बाजूला होऊन वाट दिली. काका कठडा धरून उतरले आणि घरी न जाता थेट दातांच्या डॉक्टरांकडे पास आणायला गेले.

सकाळी मावशी नेहमीसारख्या आल्या. काकूंना धरून त्यांनी नाल्यावरून, चढावरून फाटकापर्यंत नेलं. पहारेकऱ्याने पास बघितले आणि मावशींना आडवा हात केला. "पास दोनच आहेत." काकांनी पुढे होऊन बायकोपुढे हात धरला. तिने तो बघितला. मग तिने आपला बरा असलेला डावा हात तारेच्या जाळीवर ठेवला, बोटं अडकवली आणि पाय ओढत निघाली. बाहेरून मावशी तिच्याबरोबर चालू लागल्या. जाळीच्या आत एक, बाहेर एक, अशा त्या दोघी अर्धा तास चालल्या, आणि काका मागे चार पावलांवर, नुसते.

रोज असंच चाललं. तीन आठवड्यांत पाय उचलला जाऊ लागला. एक दिवस तर काकूंनी जाळी सोडून पाच पावलं टाकली आणि काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण केलं ते योग्यच केलं, असं त्यांना त्या दिवशी मनापासून वाटलं. गल्लीतलं कुणी त्यांच्याशी बोलत नव्हतं, बायकोही हो-नाहीपलीकडे जात नव्हती. पण पाय चालत होता ना? ते दवाखान्यात गेले आणि डॉक्टरांना सांगून आले. डॉक्टर म्हणाले, "उत्तम. अजून दोन महिने असंच चालू ठेवा. आत्ता खंड पडू देऊ नका."

परत आले तर घराला कुलूप. समोरच्या घरातली सून म्हणाली, "काकू आणि मावशी तुमच्या ऑफिसात गेल्यात."

काका गुडघे विसरून निघाले. कार्यालयाला लिफ्ट कधीच नव्हती. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये, ज्या जिन्याने ते तीस वर्षं चढले-उतरले, त्या जिन्याच्या पायरीवर बायको धापा टाकत बसली होती, आणि मावशी पदराने तिला वारा घालत होत्या.

"काय चाललंय हे?" काका म्हणाले. "कशाला आलीस?"

"चढतेय," ती म्हणाली आणि कठडा धरून उठली.

वरच्या खोलीत टेबलाशी एक तरुण कारकून होता. मावशींनी अर्ज पुढे ठेवला. अक्षर त्यांचं होतं, खाली सही काकूंची, डाव्या हाताने केलेली, वाकडीतिकडी. कारकुनाने वाचायला सुरुवात केली ती मोठ्याने, सवयच असावी तशी: "घराचा ताबा मिळाला त्या संध्याकाळी माझ्या पतींनी मला स्वतः सांगितले, की समोर टाकी येणार होती, ती त्यांनी खाली नेली आणि मैदान वर आणले. सुनावणीत त्यांनी दिलेली माहिती खोटी आहे. मला तेव्हा आनंद झाला होता, म्हणून मी इतकी वर्षे गप्प राहिले." त्याने वर बघितलं. "आजी, निकाल परवाच लागला. मैदानाचा अर्ज फेटाळलाय. आता याचा काही उपयोग नाही."

"फाइलीत... लावा," ती म्हणाली.

"लावतो. पण काही होणार नाही."

"लावा."

त्याने शिक्का मारून पोच दिली. मग दाराशी उभ्या असलेल्या काकांकडे बघून विचारलं, "हे कोण?"

काका काही बोलण्याआधी ती म्हणाली, "आलेत बरोबर."

अशा बातमीला पाय लागत नाहीत, ती उडतच जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी दातांच्या डॉक्टरांचा माणूस दारात आला. पास परत द्यायचे होते. बायको आपला पास हातात घेऊनच बसली होती. तिने तो दिला. काकांनी कपाटाच्या खणातून आपला काढायला वेळ लावला. त्याला विनवलं, अजून दोन महिने, फक्त सकाळचा एक वेळ, बाईचा पाय अर्ध्यावर आलाय, असं काय काय सांगितलं. तो म्हणाला, "मला फक्त आणायला सांगितलंय, काका." तो गेला. भिंतीपलीकडे पंप सुरू झाले होते.

मावशी चपला घालून उंबऱ्यात उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे समोरची सून होती; दोघी दोन्ही बाजूंनी धरणार होत्या, म्हणजे झाकणांवरून नेता येईल. बायको उठली. काकांचा तोल तिथे सुटला.

"काय मिळालं तुला?" ते म्हणाले. "निकाल बदलला नाही, काही नाही. पास मात्र गेला. कालपर्यंत पाय येत होता तुझा. हे सगळं मी कुणासाठी केलं? तुझ्या पायासाठीच ना?"

ती दाराशी थांबली. शब्द जुळवायला तिला वेळ लागला. पण तो वेळ तिघांनीही तिला दिला.

"पाय माझा होता," ती म्हणाली. "मी नको म्हटलं होतं."

मग तिने मावशींच्या हातात हात दिला आणि उजवा पाय उचलून उंबऱ्यापलीकडे ठेवला. काका दारात उभे राहून बघत होते. गल्लीच्या पहिल्याच झाकणाशी तो पाय अडखळला, दोघींनी तिला सावरलं, आणि तिने मागे वळून बघितलं नाही.